चित्र दिले, हक्क कुणाचा?
वाचकांचे प्रश्न : स्वतंत्र चित्रकार आणि डिझायनर यांच्यासाठी

मागील अंकात मुक्त चित्रकारांच्या व्यवसायाविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे येथे निवडली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची नावे दिलेली नाहीत. कायदा आणि कर यांबाबतची उत्तरे एका चित्रकाराने दुसऱ्या चित्रकाराला दिलेल्या माहितीच्या स्वरूपाची आहेत. प्रत्यक्ष वाद उभा राहिल्यास वकिलाचा किंवा सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : उपयोजित कलेचे शिक्षण पूर्ण करून मी तीन वर्षे कोल्हापुरात एका जाहिरात संस्थेत नोकरी करते आहे. संध्याकाळी आणि रविवारी मासिकांसाठी चित्रे काढते. आता नोकरी सोडून पूर्ण वेळ स्वतंत्र काम करावेसे वाटते. घरच्यांचे मत आहे की नोकरी सांभाळूनच चित्रे काढावीत. (एक वाचक, सांगली)

घरच्यांच्या बाजूने एक भक्कम दाखला आहे. वसंत सरवटे हे व्यवसायाने स्थापत्य अभियंता होते आणि एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी करीत असतानाच त्यांनी आपली बहुतेक रेखाटने, मुखपृष्ठे आणि व्यंगचित्रे केली. मात्र त्यांच्या आणि आपल्या परिस्थितीत एक फरक आहे. त्यांची नोकरी चित्रांची नव्हती, त्यामुळे संध्याकाळी कागदासमोर बसताना हात ताजा असे. आपला हात दिवसभर दुसऱ्याच्या जाहिराती करून थकलेला असतो आणि रविवारच्या चित्रात तो थकवा उतरतो. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. माझीही चार वर्षे अशीच गेली आहेत.

राजीनाम्याचा निर्णय घेताना उत्साहापेक्षा दिनदर्शिकेकडे पाहावे. मराठीत मासिकांची चित्रे काढणाऱ्याचे वर्ष दिवाळी अंकांभोवती फिरते. जुलै-ऑगस्टमध्ये कथा हाती येतात, सप्टेंबरमध्ये सजावट छापखान्यात जावी लागते आणि त्या महिन्यांत इतके काम असते की नोकरी हाच अडथळा वाटू लागतो. दिवाळी झाली की फोन थांबतात. मानधन तर बहुतेक वेळा जाहिरातींचे पैसे वसूल झाल्यावर, म्हणजे संक्रांतीच्या पुढे, येते. म्हणून माझे मत असे आहे की हा निर्णय सप्टेंबरमध्ये मुळीच घेऊ नये. फेब्रुवारीत आपल्या हातात जी कामे असतील तेवढाच आपला खरा व्यवसाय आहे असे समजावे. त्या महिन्यात बालपुस्तके, शालेय प्रकाशने, स्वयंसेवी संस्थांचे साहित्य किंवा वेष्टनांचे डिझाइन असे दिवाळीशी संबंध नसलेले निदान एक नियमित काम असेल आणि सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत असेल, तर नोकरी सोडण्यास हरकत नाही.

आणखी एक गोष्ट राजीनामा देण्यापूर्वीच पाहून घ्यावी. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. गेल्या तीन वर्षांतील उत्तम कामे आपल्या संग्रहात दाखवायची असतील तर त्यासाठी संस्थेची लेखी परवानगी मागावी, आणि ती संबंध चांगले असतानाच मागावी. नियुक्तिपत्रही काढून वाचावे. बाहेरची कामे घेण्यास मनाई करणारे एखादे कलम त्यात असू शकते.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी एका प्रकाशकासाठी मी बालकथासंग्रहाचे मुखपृष्ठ आणि आतील बारा चित्रे काढली. ठरलेले मानधन मिळाले. नंतर त्याच चित्रांतील पात्रे त्यांच्या दुसऱ्या पुस्तकावर आणि एका दिनदर्शिकेवर छापलेली दिसली. एका चित्राचे रंग बदललेले होते आणि माझे नाव कुठेच नव्हते. विचारल्यावर उत्तर मिळाले, “आम्ही पैसे दिले आहेत, चित्रे आमची आहेत.” करार झाला नव्हता, व्हॉट्सॲपवरील संदेश तेवढे आहेत. (एक वाचक, पुणे)

“पैसे दिले, म्हणजे चित्र आमचे” हे वाक्य या व्यवसायात मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते कायद्यातच लिहिलेले असावे असे वाटू लागते. ते अर्धेच खरे आहे, आणि कोणते अर्धे खरे आहे हे पाहण्यासाठी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील दोन-तीन कलमे नीट समजून घ्यावी लागतात.

सर्वसाधारण नियम आपल्या बाजूचा आहे. चित्र काढणारा हा त्या चित्राच्या हक्काचा पहिला मालक असतो, आणि त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. कलम १७ मध्ये या नियमाला काही अपवाद आहेत. एक अपवाद नोकरीतील कामाचा, जो वर आलाच आहे. दुसरा अपवाद चित्रकारांना बहुधा माहीत नसतो. मोबदला देऊन कुणी छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा उत्कीर्णन (कोरून केलेले चित्र) करून घेतले असेल, तर उलट करार नसल्यास करून घेणारा हाच पहिला मालक ठरतो. याच कायद्यात कलाकृतीची व्याख्या करताना रंगचित्र आणि रेखाटन हे शब्द वेगवेगळे दिले आहेत, तर या अपवादात रेखाटनाचा उल्लेख नाही. त्यामुळे शाईच्या रेषेतले बोधचित्र आणि जलरंगातले मुखपृष्ठ यांच्याबाबत वकिलांना वादासाठी भरपूर जागा आहे. आपला प्रकाशक या अपवादाचा आधार घेऊ शकतो, आणि “करार केला नाही तरी कायदा माझ्याच बाजूने आहे” असे गृहीत धरून आपण बसू नये, ते याच कारणासाठी. उलट करार एका ओळीचा असला तरी चालतो. तो लेखी असला म्हणजे सिद्ध करणे सोपे जाते.

हा अपवाद लागू होत नसेल तेव्हा प्रकाशकाची बाजू बरीच लंगडी पडते. हक्काचे हस्तांतरण लेखी आणि हक्क देणाऱ्याच्या सहीचे असावे लागते, असे कलम १९ सांगते. आपण सही केलेली नाही, म्हणजे हस्तांतरण झालेले नाही; ठरलेल्या पुस्तकात चित्रे छापण्याची परवानगी तेवढी दिली गेली, असे म्हणता येते. लेखी करार झाला, पण त्यात मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता मानला जातो. मी स्वतः अनेक वर्षे “सर्व हक्क प्रकाशकाकडे” एवढ्याच शब्दांखाली सही करीत आलो आणि त्यात मुदत लिहिलेली नाही हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. घाईत लिहिलेले असे करार चित्रकाराला वाटतात तितके वाईट नसतात, म्हणून जुनी कागदपत्रे टाकून देऊ नयेत.

रंग बदलणे आणि नाव वगळणे या तक्रारी वेगळ्या आहेत आणि माझ्या मते आपल्या पत्रातील सर्वांत बळकट भाग त्याच आहेत. कलम ५७ नुसार कलाकृती आपली आहे असे सांगण्याचा, आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी तिची मोडतोड रोखण्याचा अधिकार निर्मात्याकडे राहतो, मग आर्थिक हक्क त्याने दुसऱ्याला दिलेले असोत वा नसोत. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीतील विज्ञान भवनासाठी केलेले भव्य भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून गोदामात टाकले. त्यावर सहगल न्यायालयात गेले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्या शिल्पाचे अवशेष त्यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. शिल्पाचे पैसे सरकारने दिलेले होते आणि भिंतही सरकारचीच होती. अर्थात रंगातला प्रत्येक बदल लौकिकाला बाधक ठरेल असे नाही. नाव वगळल्याचा मुद्दा मात्र सरळ आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे? प्रथम व्हॉट्सॲपवरील सर्व संभाषण तारखांसह जतन करावे. “या पुस्तकासाठी बारा चित्रे हवी आहेत” अशा आशयाचा एखादा संदेश त्यात असेल, तर परवानगी कशापुरती होती याचा तो पुरावा आहे. मूळ कच्ची रेखाटने आणि थरांसह असलेली, म्हणजे चित्राचे भाग वेगवेगळे बदलता येतील अशी, मूळ फाइल सांभाळावी. नंतर वकिलाच्या नोटिशीऐवजी स्वतःच्या नावाने एक सभ्य पत्र पाठवावे. दोन्ही अतिरिक्त वापरांची माहिती, त्यांसाठीचे मानधन आणि पुढील आवृत्तीत नाव छापण्याची मागणी त्यात असावी. माझा अनुभव असा आहे की मराठीतील लहान प्रकाशक बहुतेक वेळा लबाडीने नव्हे तर सवयीने असे वागतात आणि शांत, नेमक्या पत्राला प्रतिसाद देतात. रक्कम सांगताना संकोच करू नये; मूळ मानधनाचा एखादा भाग मागणे रास्त आहे.

ही मूळ, खुली फाइल प्रकाशकाकडे गेली होती का, हे आपल्या पत्रात नाही. तसे झाले असल्यास पुढच्या वेळी ती देऊ नये. छपाईसाठी सर्व थर एकत्र केलेली, तीनशे डीपीआयची (इंचाला तीनशे ठिपक्यांची), चार रंगांतली, कडेला तीन मिलिमीटर ब्लीड (कापणीत जाणारी जादा कड) सोडलेली फाइल पुरते. खुली फाइल मागितली तर तिचे मानधन वेगळे असते, हे आधीच सांगावे. विशीत असताना मी एका ग्राहकाला विश्वासाने सगळ्या फाइली दिल्या आणि पुढे कित्येक महिने माझेच पोपट त्याच्या मिठाईच्या खोक्यांवर नवनव्या रंगांत पाहत राहिलो.

प्रश्न : मुखपृष्ठासाठी किती मानधन मागावे हेच मला समजत नाही. मित्र एक आकडा सांगतात, प्रकाशक त्याच्या चौथा हिस्सा देऊ करतात. (एक वाचक, नाशिक)

बाजारभाव सांगून मी आपली दिशाभूल करणार नाही, कारण एकाच शहरात दोन प्रकाशकांच्या दरांत पाचपट फरक असू शकतो. आपला स्वतःचा दर मात्र कागदावर काढता येतो. समजा, घर चालवण्यासाठी आपल्याला महिन्याला ३५,००० रुपये लागतात; वर्षाचे ४,२०,००० झाले. संगणक, टॅब्लेट, सॉफ्टवेअर, वीज, प्रवास, विमा आणि थोडी बचत मिळून आणखी १,८०,००० धरू. म्हणजे वर्षाला ६,००,००० रुपये हवेत. वर्षात कामाचे दिवस तीनशे असले, तरी पैसे मिळवून देणारे दिवस त्याच्या निम्मेही नसतात. बाकीचे दिवस भेटी, अंदाजपत्रके, न मिळालेल्या कामांची रेखाटने, बिलांचा पाठपुरावा आणि आजारपण यांत जातात. असे १२० दिवस धरले तर एका दिवसाचा दर ५,००० रुपये होतो. हस्तलिखित वाचणे, दोन-तीन कच्ची रेखाटने, अंतिम चित्र, अक्षरलेखन आणि दुरुस्त्या मिळून मुखपृष्ठाला चार दिवस लागत असतील, तर त्या मुखपृष्ठाचा आपल्याला पडणारा खर्च २०,००० रुपये आहे. हा आकडा प्रकाशकाला सांगायचा की नाही हे नंतर पाहू. पण तो आपल्याला माहीत असलाच पाहिजे.

आता प्रकाशकाच्या बाजूने पाहू. मराठी कथासंग्रहाची पहिली आवृत्ती हजार प्रतींची, अनेकदा पाचशेचीच असते. पुस्तकाची किंमत ३०० रुपये आणि प्रती पाचशे धरल्या तर छापील किमतीची सगळी बेरीजच दीड लाख होते. त्यातून विक्रेत्याची सवलत, कागद, छपाई, बांधणी आणि लेखकाचे मानधन जायचे असते. त्यामुळे “मला वीस हजार परवडत नाहीत” असे प्रकाशक म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत असेलच असे नाही.

या कोंडीत बहुतेक चित्रकार दर निम्मा करतात आणि चित्र मात्र पूर्ण देतात. मी उलटा मार्ग सुचवतो. रक्कम कमी होणार असेल तर त्याबरोबर देण्याची वस्तूही कमी करावी. आठ हजारांत चित्र द्यायचे असेल, तर परवानगी फक्त पहिल्या आवृत्तीच्या छापील प्रतींपुरती द्यावी; ई-पुस्तक, जाहिरात, अनुवाद आणि पुढील आवृत्त्या यांसाठी स्वतंत्र रक्कम ठरवावी. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या मानधनात धराव्यात आणि तिसरीपासून आकारणी असेल असे लिहावे. कामाचे दिवसही कमी करता येतात. चार दिवसांच्या रंगचित्राऐवजी दीड दिवसाचे दोन रंगांतले रेखाटन सुचवले, तर पुस्तक त्यामुळे वाईट दिसत नाही, उलट पुष्कळदा अधिक चांगले दिसते.

दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये स्वतःचे ‘दीपावली’ मासिक सुरू केले, याकडे मी नेहमी व्यवसायाच्या नजरेनेही पाहतो. जो चित्रकार स्वतःच प्रकाशक झाला, त्याची चित्रे कुठे आणि किती वेळा छापायची हे ठरवणारा दुसरा कुणी उरला नाही. आपल्या सर्वांना ते शक्य नाही. पण स्वतःच्या चित्रांची शुभेच्छापत्रे, छापील प्रती किंवा छोटी पुस्तिका काढणे आज अवघड राहिलेले नाही, आणि मूळ परवानगी मर्यादित ठेवली असेल तरच ते करता येते.

प्रश्न : एका संस्थेसाठी केलेल्या कामाचे ६०,००० रुपये आठ महिने अडकले आहेत. फोन केला की “लेखा विभागात आहे” असे उत्तर मिळते. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा कारखान्यांसाठीच आहे असा एक गैरसमज आहे. घरच्या टेबलावर बसून डिझाइन करणारी व्यक्तीही सेवा देणारा सूक्ष्म उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी करू शकते. आधार आणि पॅन यांच्या आधारे ही नोंदणी ऑनलाइन होते आणि तिला शुल्क नाही; पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नसतात. नोंदणी झालेल्या पुरवठादाराचे पैसे लेखी करारात ठरलेल्या तारखेपर्यंत, पण कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर ही मुदत पंधरा दिवसांची आहे. काम मिळाल्यावर पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर ते स्वीकारले असे मानले जाते. मुदत उलटल्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होते आणि तक्रार याच कायद्याखाली थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे नेता येते.

आपल्या पत्रावरून नोंदणी झालेली नसावी असे दिसते. तसे असल्यास या साठ हजारांसाठी तिचा उपयोग होण्याची शक्यता कमी आहे, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांनुसार व्यवहाराच्या वेळी नोंदणी झालेली असणे आवश्यक आहे. नोंदणी आजच करावी, पण ती पुढच्या कामांसाठी. या रकमेसाठी बिलाची प्रत, काम मंजूर केल्याचा ई-मेल आणि पैसे देण्याची निश्चित तारीख मागणारे पत्र स्पीड पोस्टाने संस्थेच्या प्रमुखांच्या नावे पाठवावे. लेखा विभागाला फोन करणे आता थांबवावे. त्या फोनची नोंद कुठेच राहत नाही. पैसे जमा होतील तेव्हा दहा टक्के करकपात झालेली असण्याची शक्यता आहे, कारण एका वर्षातील व्यावसायिक शुल्क ५०,००० रुपयांच्या पुढे गेले की संस्थांना ती करावी लागते. ती रक्कम बुडालेली नसते. विवरणपत्र भरताना ती आपल्या कराच्या हिशेबात धरली जाते, आणि कर कमी असेल तर परत मिळते.

पुढील कामात निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि अंतिम फाइल उरलेली रक्कम जमा झाल्यावर द्यावी. मंजुरीसाठी लहान आकाराचे, वर पुसट नाव असलेले चित्र पाठवणे कुणालाही अपमानास्पद वाटत नाही.

प्रश्न : मुखपृष्ठावरील शीर्षकासाठी इंटरनेटवरून घेतलेला देवनागरी फॉन्ट वापरला तर चालतो का? (एक वाचक, म्हापसा)

प्रश्न छोटा आहे, पण रास्त आहे, कारण इथे आपण चित्रकाराच्या खुर्चीतून उठून प्रकाशकाच्या खुर्चीत बसतो. फॉन्टही कुणीतरी काढलेला असतो आणि त्याच्या वापराला परवाना असतो. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असे लिहिलेला फॉन्ट विक्रीच्या पुस्तकावर वापरता येत नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता, बलू आणि मोदक हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत आणि व्यावसायिक कामात मोकळेपणाने वापरता येतात. कोणता फॉन्ट वापरला आणि त्याचा परवाना कोणता, ही नोंद बिलासोबतच्या पत्रात ठेवावी.

फॉन्ट निवडल्यावर शीर्षक छापखान्यात पाठवण्यापूर्वी ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आले आहेत का ते पाहावे. अनेक फॉन्टमध्ये ही अक्षरे हिंदी वळणाची असतात. काहींत सॉफ्टवेअरमधील भाषा मराठी केली की ती बदलतात. ‘ऱ्या’ मधला अर्धा र नीट जुळतो का हेही मोठ्या आकारात तपासावे. ‘वाऱ्यावर’ हा शब्द त्यासाठी चांगला आहे.